माझ्यात शिजलेला टोमॅटो सॉस

मी पितळेचं पातेलं बोलतोय. बोलतोय म्हणजे उपकारच करतोय म्हणा, कारण माणसांशी बोलण्यासारखं मला आजवर फारसं काही सापडलेलं नाही. पण एका सॉसची गोष्ट माझ्या बुडाशी बसली आहे, ती खरवडून काढल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म पुण्याचा. हातोडीचे ठोके खाऊन मी गोल झालो आणि अरुणाताईंच्या लग्नात रुखवताच्या टेबलावर जाऊन बसलो. माझ्यात बासुंदी आटली, सत्यनारायणाचा शिरा झाला. तेव्हा दरवर्षी मला आतून कल्हई होत असे. कथलाचा तो पांढरा थर अंगावर चढला की मी कुणाच्या बापाला भीत नसे. मग ताईंचे यजमान श्रीकांतराव यांची बँकेतून सुरतेला बदली झाली, घरात स्टील आलं, नॉनस्टिक आलं, आणि मी माळ्यावर गेलो. न चिकटणाऱ्या भांड्यांचं माणसांना भारी कौतुक. त्यांचंही कुणाशी फारसं चिकटत नाही, म्हणून असेल.

सुरतेत थंडी पडली की टोमॅटोच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, भरून वाहतात. त्या दिवसांत अरुणाताई बँकेच्या क्वार्टरमध्ये सॉसचा क्लास घ्यायच्या. आठ-दहा बायका वह्या घेऊन येत आणि टोमॅटो कसा धुवायचा हेसुद्धा लिहून घेत. मी माळ्यावरून सगळं ऐकायचो. लालबुंद टोमॅटो चिरून उकडायचे, गाळणीवर घासून साल आणि बिया काढायच्या. कांदा, लसूण, लवंग, दालचिनी यांची पुरचुंडी रसात सोडायची. साखर, मीठ, तिखट घालून रस तिसऱ्या हिश्शावर येईपर्यंत आटवायचा. थेंब बशीत टाकून बशी कलती करायची. थेंबाभोवती पाणी सुटलं नाही की सॉस झाला. शेवटी व्हिनेगर, सॉस टिकावा म्हणून चिमूटभर पांढरी पावडर, आणि उकळून घेतलेल्या बाटल्या. एवढा खटाटोप कशासाठी, तर पोरांनी पोळीलाही तो लाल चिखल फासून खावा म्हणून.

त्या क्लासमध्ये खरं काम करायची सुंदरा. ती गोडादऱ्याच्या कामगारवस्तीतून धुण्याभांड्याला यायची. मूळची खानदेशातली, नवरा निंबा कापडाच्या लूमवर कामाला. घरी गेल्यावर ती साड्यांचे लोंबते धागे कापायची, गठ्ठ्यांमागून गठ्ठे. त्या कामानं तिचे डोळे चालले होते. डॉक्टरांनी धागे सोड म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरांना सांगायला काय जातं?

क्लासला बसलेल्या एकाही बाईला जमलं नाही ते सुंदराला बघूनबघून जमलं. रस किती आटला हे ती बशीशिवाय सांगायची, नुसत्या बुडबुड्यांच्या आवाजावरून. तेव्हा अरुणाताईंना औदार्याचा झटका आला. संक्रांतीला तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात बटाटेवडे होते.

"वड्याबरोबरचा सॉस तू कर, सुंदरा," त्या म्हणाल्या. "बायकांना आवडला तर वर्षभर तुझ्याकडूनच घेतील. मग कशाला कापतेस धागे?"

सुंदराचा चेहरा असा काही उजळला की मला तिची कीव आली.

तिच्याकडे मोठं भांडं नव्हतं. स्टीलचं क्लासला लागणार होतं, म्हणून मला खाली काढलं. देऊन टाकायला माळ्यावरच्या वस्तू बऱ्या असतात. सुंदरानं मला उजेडात धरलं, आतून बोट फिरवलं.

"ताई, कल्हई उडाली याची. आंबट चालंल का?"

ती बरोबर बोलत होती. आतून मी पिवळाधमक झालो होतो. कल्हईवाला त्या महिन्यात दोनदा क्वार्टरखाली ओरडून गेला होता, पण अरुणाताईंना तीन जिने उतरायचे नव्हते.

"अगं, काही होत नाही. मी केलाय की यात कितीदा," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्यात एक टोमॅटोसुद्धा कधी उकडला नव्हता. खोटं बोलायला माणसांना कारण लागत नाही. फार तर थोडा आळस लागतो.

गोडादऱ्याला निंबानंही माझ्यात डोकावून पाहिलं. "कल्हई नही शे यामा. आंबट कसाले टाकस?"

"ताई सांगतस काही व्हत नही," सुंदरा म्हणाली. "त्या शिकेल शेतस."

हीच तिची चूक. आईकडून शिकलेलं होतं, नवरा सांगत होता, स्वतःचं बोट सांगत होतं, पण ताई शिकलेल्या. त्यापुढे सगळं खोटं. मला दोघींचा सारखाच संताप आला.

मी दिवसभर स्टोव्हवर होतो. सॉस सुंदर आटला. रंग असा की क्लासच्या वह्या जाळून टाकाव्यात. पण आंबटाला माझं पितळ लागत होतं आणि माझ्या अंगातून विष उतरत होतं. मला कळत होतं, करता काहीच येत नव्हतं. पुऱ्या पडतील एवढ्या बाटल्या तिच्याकडे नव्हत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी मला फडकं बांधून ती शटल रिक्षानं मंडळात आली. मांडीवर मी, आणि ती नवं लुगडं नेसलेली.

वडे वाढले. पहिल्या पंगतीतच एकीनं तोंड वाकडं केलं, दुसरी मोरीकडे धावली. हॉलभर कुजबुज सुरू झाली.

"आमच्या क्लासमध्ये असं कधी झालं नाही हो," अरुणाताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "त्यांच्या वस्तीतलं पाणी कसलं असतं, माहीत आहे ना? सुरतेतल्या प्लेगला अजून दीड वर्ष नाही झालं."

बायका सुंदरापासून दोन पावलं मागे सरकल्या. ज्यांच्या घरची उष्टी भांडी ती रोज घासायची त्याही सरकल्या.

फक्त मालतीबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, पुढे आल्या. त्यांनी बोटावर थेंब घेऊन जिभेला लावला आणि थुंकला. "पाण्याचा काही संबंध नाही. हे कळकलंय. बिनकल्हईच्या पितळेत आंबट शिजवलंय. पातेलं कुणाचं?"

माझ्या गळ्यापाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे, 'चि. सौ. कां. अरुणा हिस मामाकडून'. मी मनात म्हटलं, वाचा एकदा, डोळे फुटलेत का सगळ्यांचे?

सुंदरा उठली. तिनं दोन्ही हातांनी मला फिरवलं आणि कोरलेली बाजू भिंतीकडे केली.

"माझंच आहे," ती म्हणाली. "आईनं दिलेलं."

अरुणाताई वड्यांच्या परातीकडे बघत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. आयुष्यात मी पुष्कळ काही शिजवलं, पण इतकं नासलेलं काही माझ्या पाहण्यात नाही.

सुंदरानं मला घासूनपुसून परत नेलं, तर त्या दारातूनच म्हणाल्या, "राहू दे तुलाच." पुढच्या महिन्यात त्यांनी दुसरी बाई लावली.

आता मी गोडादऱ्यात खाटेखाली असतो. माझ्यात कापलेले धागे साठतात, लाल, हिरवे, जरीचे. सुंदरा साडी अगदी नाकाशी धरते. राहिलेला धागा तिला दिसत नाही, मग शेजारी बसलेली तिची मुलगी नूतन बोट ठेवून दाखवते आणि त्या बोटाच्या धोरणानं ती कापते. रागानं माझं पितळ काळं पडलंय, पण तिच्या तोंडून मी त्या दिवसाबद्दल अजून एक शब्द ऐकलेला नाही.

मला कल्हई नको, माळा नको, तुमची हळहळ तर नकोच नको. तुमच्या घरात पितळेचं भांडं असेल तर आंबट घालण्याआधी आत वाकून बघा. आणि भांडी घासणारी बाई काही म्हणाली, तर तिचं ऐका. एवढं जमलं, तर तुम्हाला माणूस म्हणायचं की नाही याचा मी विचार करीन.