साडेतीनशेचा हीटर

सहदेव शेलारचा हात वाईट. डोंबिवली पश्चिमेला कोणालाही विचारा. माणूस तसा लाख, मासा आजारी पडला तर स्वतः जेवायचा नाही. पण डोकं फिरलं की समोर कोण आहे, किती मोठा आहे, काही बघायचा नाही. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं मेलेला गोल्डफिश काउंटरवर आपटून त्याला चोर म्हटलं. सहदेवनं त्याची गचांडी धरली, काउंटरवरून अलीकडे ओढला आणि असा काही धुतला की त्याचे पुढचे दोन दात दुसऱ्या दिवशी झाडू मारताना सापडले. चौकीत नाक घासावं लागलं, नीट वागेन म्हणून लिहून द्यावं लागलं. पण पोलिसांना भिणारा तो नव्हताच. भीती घातली ती मालननं.

मालन त्याची बायको. दुकानात दिवसभर त्याच्या बरोबरीनं उभी असायची. त्या दिवशी चौकीतून घरी आल्यावर तिनं चपला काढल्या आणि म्हणाली, "आज शेवटचं. यापुढं कोणावर हात उचललात, त्या दिवशी मी पाटणला, भावाकडं. न्यायला येऊ नका, मी यायची नाही."

तीस वर्षांच्या संसारात ही बाई जे बोलली ते तिनं करून दाखवलेलं. एकदा चहा सोडते म्हणाली, तर आजतागायत घोटभर घेतलेला नाही. सहदेवची झोप उडाली. मूल नाही, बाळ नाही. केमिकल कंपनी बंद पडल्यावर टाकलेलं हे माशांचं दुकान आणि ही मालन, एवढंच त्याचं जग. तेव्हापासून राग आला की तो दोन्ही हात पाठीमागं न्यायचा आणि बोटं एकमेकांत घट्ट अडकवायचा. दोन वर्षं झाली, हात सुटले नव्हते.

आणि राग येणार नाही असं या धंद्यात आता उरलंय काय? लोक येतात, फिल्टर हातात घेऊन उलटापालटा करतात, 'काका, यातला कुठला चांगला?' म्हणून अर्धा तास डोकं खातात, आणि त्याच्याच काउंटरला टेकून तोच फिल्टर मोबाइलवर मागवतात. वर निर्लज्जासारखे दाखवतातसुद्धा, 'बघा काका, तुमच्यापेक्षा दोनशेनं स्वस्त!' अरे, मग पाणी पिवळं का झालं तेही त्या मोबाइललाच विचार ना! इथं कशाला येतोस तोंड वर करून?

या सगळ्यांचा राजा म्हणजे विनीत. पस्तिशीचा, ठाण्याला कुठल्याशा ऑफिसात कामाला. वर्षभर दर रविवारी हजर. बाटलीतून घरच्या टाकीचं पाणी आणायचा, सहदेवकडून फुकटात तपासून घ्यायचा, औषध कुठलं ते विचारायचा आणि औषध ऑनलाइन मागवायचा. वर्षात त्यानं या दुकानातून घेतलं काय, तर एक ऑस्कर मासा. तोही पोरीच्या हट्टापायी. पोरगी शिवानी, सात वर्षांची. तिनं त्या माशाचं नाव लाडू ठेवलं होतं आणि रोज त्याला हातानं खायला घालायची. बापाबरोबर आली की मालन तिला टाकीत घालायचे रंगीत खडे मूठभर द्यायची. पोर ते खिशात वाजवत घरी जायची.

जानेवारीत यंदा चांगलीच थंडी पडली. रविवारी दुकानात गर्दी होती आणि मालन सोसायटीत हळदीकुंकवाला गेलेली. विनीत एक खोका नाचवतच आत आला.

"काका, तुमचा हीटर साडेआठशेचा ना? हा बघा, साडेतीनशे! आणि तुमचा शंभर वॉटचा, हा तीनशेचा. पैसे निम्म्याहून कमी आणि माल तिप्पट!" मग बाकीच्या गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाला, "इतकी वर्षं लुटत होते हे लोक आपल्याला."

दोघंतिघं हसले. सहदेवच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं हात मागं नेले.

दुकानाचा एक रिवाज होता. हीटर आपल्याकडचा असो नाहीतर बाहेरचा, सहदेव तो आधी बादलीत लावायचा, दहा मिनिटं थांबायचा, पाण्यात टेस्टर बुडवून बघायचा आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. कंपनीत असताना विजेला चिकटलेला माणूस त्यानं डोळ्यांनी बघितला होता. पाण्यात वीज सोडायची तर गिऱ्हाईक कोणाचं हे बघायचं नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

विनीतनं हीटर त्याच्या नाकासमोर धरला. सहदेवला एका नजरेत दिसलं. काचेच्या नळीच्या तोंडाशी बसवलेलं रबर ढिलं होतं, आत पाणी शिरणारच. तापमानाचं बटण नुसतंच गरगर फिरत होतं. आणि विनीतची टाकी दोन फुटी. तिला तीनशे वॉट म्हणजे मासा उकडायचीच सोय. बादली त्याच्या पायाशीच होती.

"चालेल ना हो काका?"

सहदेव म्हणाला, "ज्याच्याकडून घेतलास त्याला विचार."

"म्हणजे चांगलाय! म्हणूनच जळतेय तुमची," विनीत खो खो हसला. आणि सहदेवही हसला. खरंच हसला. मरू दे साल्याचा मासा, मग ये रडत, असं मनात म्हणाला. दिवसभर त्याला इतकं बरं वाटत होतं की संध्याकाळी त्यानं मालनसाठी गजरा नेला.

गुरुवारी सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. सहदेव काउंटरमागं खाद्याच्या पुड्या बांधत होता, मालन आतल्या बाजूला टाक्यांच्या काचा पुसत होती. विनीत आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, हातात बादली. त्यानं बादली काउंटरवर उपडी केली. घाण वासाचं पाणी सहदेवच्या छातीवर आलं आणि मधोमध लाडू धप्पकन पडला.

सहदेवनं माशाकडे बघितलं. डोळे पांढरेफटक, कातडं सुटलेलं, पाठीचं मांस काट्यापासून वेगळं झालेलं. चार दिवस ज्याची वाट बघत होता ते समोर आलं होतं. त्याला गप्प बसवेना.

"हा मेला नाही, शिजलाय," तो म्हणाला. "साडेतीनशेत आणखी काय होणार?"

दाराशी शटर ओढायचा लोखंडी आकडा उभा होता. विनीतनं तो उचलला आणि पहिला घाव चार फुटी टाकीवर घातला. काच फुटली ती स्फोट झाल्यासारखी. दोनशे लिटर पाणी एकदम बाहेर आलं, त्याबरोबर मासे, खडे, वनस्पती सगळं रस्त्यापर्यंत वाहत गेलं. दुसरा घाव गप्पीच्या टाकीवर. तिसरा फिल्टरच्या शेल्फवर. मालन किंचाळली. सहदेव काउंटरबाहेर आला, त्याची मूठ वळलीसुद्धा, आणि त्याच क्षणी त्याला पाटण आठवलं. त्यानं हात मागं नेले. बोटं अडकवली.

"मार," तो दात खाऊन म्हणाला. "मार किती मारतोस ते!"

विनीतनं मारलं. आकडा खांद्यावर बसला, मग मांडीवर. मग दांडा कानावर बसला तेव्हा सहदेव गुडघ्यावर खाली आला आणि फुटक्या काचांत त्याचे गुडघे चिरले. पायाखाली मासे तडफडत होते, त्यांच्यावरच विनीतचे बूट पडत होते. सहदेवच्या कानातून रक्त मानेवर उतरलं. त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, चष्मेवाला, एका फटक्यात आडवा झाला असता असला हा माणूस! पण सहदेवनं बोटं सोडली नाहीत. बघ मालन, बघ, असंच त्याच्या मनात चाललं होतं.

मालननं बघितलं. ती पाण्यातून धावत आली आणि आकडा दोन्ही हातांनी धरून लोंबकळली. "अरे मेल्या, सोड! माणूस मरेल! एका माशापायी जीव घेतोस? ते हातसुद्धा उचलत नाहीत, दिसत नाही तुला?"

"एका माशापायी?" विनीतचा आवाज चिरकला. "माझी शिवानी हॉस्पिटलात आहे! काल सकाळी लाडू तरंगताना बघून तिनं टाकीत हात घातला. पाणी चटका बसण्याइतकं तापलेलं. हीटर तडकलेला, सगळ्या पाण्यात करंट. चिकटली माझी पोर. बायकोनं लाकडी पाटानं ढकलली, तेव्हा सुटली. हात काळा पडलाय तिचा! आज डॉक्टर म्हणाले, दोन बोटं कापावी लागतील."

सहदेवच्या डोक्यात फक्त मासा होता. चार दिवस त्यानं मनात मेलेला मासा बघितला होता, विनीतचं पडलेलं तोंड बघितलं होतं. त्या टाकीत रोज हात घालणारी पोर त्याला एकदाही आठवली नव्हती. तो उठायला गेला, पण पाय घसरून पुन्हा खाली बसला.

"आणि याला माहीत होतं," विनीत म्हणाला. "मी हीटर दाखवला याला. यानं नीट बघितला आणि हसला. काल रात्रभर हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मला याचं ते हसू दिसत होतं. मी मूर्ख, मी हावरट, सगळं कबूल. पण याला माहीत होतं!"

मालननं आकडा सोडला नव्हता. तिनं नुसती मान वळवली. "अहो, काय बोलतोय हा? हीटर तुम्ही बघितला होता?"

सहदेवनं नजर पाण्यात तडफडणाऱ्या माशांकडे वळवली.

"मी विचारतेय. बादलीत लावून बघितलात?"

"ऑनलाइनचा होता," सहदेव म्हणाला.

"बादलीत लावलात का?"

"नाही."

"खराब आहे हे दिसलं होतं?"

खोटं बोलायला काहीच लागत नव्हतं. दिसलं नाही, गर्दी होती, घाई होती. मालननं विश्वास ठेवला असता, कारण हीटर न तपासता सोडणारा नवरा तिनं कधी बघितलाच नव्हता. पण दोन वर्षं तिच्या धाकानं गिळलेला सगळा राग त्या रविवारी त्यानं कुठं ओतला होता, हे त्याला आता एकदम कळलं होतं.

"दिसलं होतं," तो म्हणाला. "रबर ढिलं होतं. बटण लागत नव्हतं. मला दिसलं होतं, मालन."

मालनचे हात आकड्यावरून सुटले. ती बाजूला झाली. काचांवर तिचा पाय पडला, तरी तिनं खाली बघितलं नाही.

विनीतनं आकडा डोक्यावर उचलला आणि सगळा जीव लावून खाली आणला. सहदेवनं मान चुकवली नाही, पण दांडा तिरका बसला आणि गळ्याजवळचं हाड कडकन मोडलं. तो आडवा झाला, तोंडात ते घाण पाणी गेलं. विनीतनं पुन्हा आकडा उचलला, पण तो वरच राहिला. मग फेकून दिला आणि तिथंच पाण्यात फतकल मारून लहान पोरासारखा रडायला लागला. बाहेर शेजारचे दुकानदार जमले होते, पण आत यायची कोणाची छाती होत नव्हती.

मालननं काउंटरवरचं फडकं ओलं करून सहदेवच्या कानावर दाबून धरलं. बाहेरच्या एकाला हाक मारून म्हणाली, "यांना डॉक्टरकडं न्या." मग विनीतच्या दंडाला धरून त्याला उठवलं. "चल. मला पोरीकडं ने."

"मालन," सहदेव पडल्या पडल्या म्हणाला. दुखण्यानं त्याला श्वास पुरत नव्हता. "मी हात नाही उचलला. बघितलंस ना तू? एकदाही नाही."

मालन दारात थांबली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"रविवारी उचलायचा होता," ती म्हणाली. "याच्या दोन कानाखाली मारून तो हीटर गटारात फेकायचा होता. मी कुठं गेले नसते."

तिनं विनीतला पुढं घातलं आणि हात करून रिक्षा थांबवली.