वाटणीचं मीठ

याचुमचे पाय भरून आले होते. चार दिवस ती बांबूच्या नळकांड्यात मीठ घेऊन डोंगर पालथा घालत होती, घसा बसेस्तोवर हाका मारत होती. पण कानाला दोन खाचा पाडलेला तो मिथुन, गव्यासारखा तो दांडगा बैल, काही तोंड दाखवेना. परवा तो देज म्हणून मुलीकडच्यांच्या दारात बांधला नाही, तर पोराचं, तापिनचं, लग्न मोडलंच म्हणायचं.

चूक तिचीच होती. रानात मोकाट चरणारं जनावर मीठ देणाऱ्या हातालाच येतं, आणि तो हात होता थोरल्या सवतीचा, यारिनचा. एकाच लांब घरात दोघींच्या चुली वेगळ्या, कोठारं वेगळी; मीठ तेवढं सामाईक. दोन वर्षांपूर्वी याचुम तणतणली होती, की ही घरचं मीठ रानात उधळते. तेव्हा मिठाचीही वाटणी झाली आणि बोलणं बंद पडलं. गेल्या पावसात यारिनचे गुडघे गेले, मग मिथुनही फिरकेनासे झाले.

पाचव्या दिवशी याचुम मान खाली घालून तिच्या चुलीपाशी बसली.

"अक्का, वर येतेस का?"

"पाय आहेत का मला?"

"माझे आहेत."

यारिन लाकडं वाहायच्या टोपलीत बसली. पट्टा कपाळाला लावून याचुम चढू लागली. म्हातारी हलकी असेल असं तिला वाटलं होतं, कसली हलकी! वाटेत तीनदा टेकावं लागलं.

"पाड मला दरीत," म्हातारी मागून म्हणाली, "म्हणजे सुटशील एकदाची."

याचुमला हसायचंही त्राण नव्हतं.

रान जाळून केलेल्या आणि आता टाकून दिलेल्या झूमशेताच्या कडेला यारिनने लांब हाक दिली. बऱ्याच वेळाने झाडी हलली. मिथुन आला आणि तिचा तळवा चाटू लागला. याचुमने दोर टाकला, गाठ आवळली, आणि मग तिला राहवलं नाही.

"वाटणीत तुला जेमतेम मीठ आलं होतं. मग या जनावरांना काय घातलंस इतके दिवस?"

"तेच."

"आणि तू?"

"मी अळणी खाल्लं. सवय होते गं."

उतरताना दोर हातात होता, अक्का पाठीवर. मिथुन अंगणात बांधून झाल्यावर याचुमने आपल्या वाटणीचं सगळं मीठ यारिनच्या चुलीपाशी नेऊन ठेवलं आणि स्वतः अळणी भाजी घेऊन बसली. पहिलाच घास तिला गिळवेना.