पानभर अ

इसरू कुमरे सरांचं अंग दीड वर्षात एकेक करून हातचं गेलं. आधी पायातली चप्पल निसटू लागली, मग मार्कर धरवेना, मग जीभ जड झाली. कुरखेड्यात पंधरा वर्षं कॉम्प्युटरचे क्लास घेतलेला माणूस खाटेला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, उपाय नाही. डोकं मात्र शाबूत राहील. डोळ्यांखेरीज हलत होता तो फक्त उजव्या हाताचा अंगठा, तोही दमादमानं.

दिव्यानी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. आता चंद्रपुरात एका छोट्या ऑफिसात सॉफ्टवेअर लिहायची. बातमी कळली तशी तिनं सरांसाठी एक प्रोग्राम केला. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळत जायची. हवं ते अक्षर उजळलं की सरांनी अंगठ्याखालचं मोठं बटण दाबायचं. अक्षर खाली उमटायचं आणि फेरी पुन्हा अ पासून सुरू व्हायची. पहिल्या दिवशी अर्धा तास खपून सरांनी लिहिलं, "दिव्यानी, अक्षर लहान आहे." ती हसली आणि तोंड धुवायच्या निमित्तानं मागे विहिरीवर गेली.

सात महिने सर त्या बटणावर बोलले. मासोळी मागितली, भाताच्या बांधीत पाणी किती आहे ते विचारलं, बायकोला, कलाबाईला, औषधाच्या वेळेवरून रागावलेसुद्धा. मग जुलैत वीज खालीवर होऊन तो जुना कॉम्प्युटर जळाला.

दिव्यानीनं ऑफिसातला एक बाजूला पडलेला कॉम्प्युटर मिळवला. हातासरशी प्रोग्रामही नव्यानं लिहावा, असं तिच्या मनात आलं. अक्षरं मोठी करू, लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाज घालू. पडद्यावरच्या खिडक्या न् बटणं उभी करायला तयार सामान मिळतं, त्याला टूलकिट म्हणतात. जुन्यात हे सगळं नीट जमेना, म्हणून तिनं दुसरं घेतलं. एका दुपारी आपल्याच बोटानं टकटक करून पाहिलं. झकास चाललं. ऑफिसात कामाची घाई होती. कलाबाईचा भाऊ पवन येऊन कॉम्प्युटर घेऊन गेला, त्यानंच तो जोडला.

चौथ्या दिवशी पवननं मोबाईलवर फोटो पाठवला. पडदाभर अ. वरपासून खालपर्यंत नुसता अ. मागोमाग कलाबाईचा फोन.

"दिव्यानी, सर नुसते अ अ करून राह्यले वो. पह्यलंच अक्षर दाबते. बाकी काईच नाई."

"मशीन बंद करून सुरू करून पाह्यलं का बाई?"

"तीनदा केलं पवननं. मशीन चांगलीच हाये. मीनं दाबून पाह्यलं तं बरोबर येते."

पवननं गडचिरोलीच्या डॉक्टरांना फोटो दाखवला. ते म्हणाले, या आजारात एखाद्याचं डोकंही जातं. नवव्या दिवशी सकाळी कलाबाईनं पुन्हा फोन केला. आवाज बसला होता.

"काढू का हे बटन? मले पाह्यवत नाई. अंगठा सुजला त्याईचा."

दिव्यानी म्हणाली, "काढा बाई. त्याईलेबी तरासच होत असन."

सप्टेंबरात ती एकदा भेटून आली. सरांचे डोळे तिच्यावरच खिळलेले होते. ती नजर तिला सोसेना. त्यांच्या अंगावरूनच ती खाटेपलीकडच्या कलाबाईशी बोलली, खाणं, खोकला, पाठीची जखम. जणू खाटेवर माणूस नव्हताच. दहा मिनिटांत उठली. दिवाळीनंतर छातीत कफ भरून सर गेले.

कॉम्प्युटर तिच्याकडे परत आला आणि टेबलाखाली पडून राहिला. जानेवारीत बल्लारपूरच्या एका घरून विचारणा झाली, अपघातानं मान मोडलेल्या माणसासाठी. तिनं तो बाहेर काढला, बटण जोडलं, प्रोग्राम सुरू केला. तेवढ्यात फोन वाजला. बोलता बोलता तिचं कोपर बटणावर टेकून राहिलं.

पडदा अ नं भरत होता.

तिनं फोन तसाच ठेवून दिला. कोपर उचललं, अ थांबले. अंगठा टेकवून धरला, पुन्हा अ. समजायला फार वेळ लागला नाही. जुन्या टूलकिटमध्ये बटण कितीही वेळ धरून ठेवलं तरी ते सुटल्याची खबर एकदाच यायची, आणि तिचा प्रोग्राम त्याच खबरीवर अक्षर मोजायचा. नव्यात धरलेलं बटण म्हणजे दाबलं-सुटलं, दाबलं-सुटलं, सेकंदाला पंचवीस वेळा. धडधाकट बोट टकन उचललं जातं, त्याला हे कधी कळणारच नाही. सरांचा अंगठा उचलायला दोन सेकंद लागायचे. पहिलं अक्षर त्यांच्या मनातलं. मग फेरी अ वर यायची आणि पुढचे पन्नासेक अ मशीनचे; त्या गर्दीत ते एक अक्षर कुणाच्या नजरेला पडलंच नव्हतं.

लिहिलेलं सगळं प्रोग्राम तारखेनिशी साठवून ठेवायचा. तिनं ती फाईल उघडली आणि अ च्या रांगा पुसून काढल्या. नऊ दिवसांचं मिळून वहीच्या अर्ध्या पानाएवढं उरलं.

पाणी. पंखा. कला उशी. हे काय. मी ठीक. मी ठीक. दिव्यानीला बोलवा. मी ठीक. आठव्या दिवशी, सकाळपासून दुपारपर्यंत: बटन एकदा मोज. सोडल्यावर.

नवव्या दिवशी सकाळी: काढू न. पुढं काही नव्हतं.

दुरुस्ती तीन ओळींची होती. ती करून झाल्यावर दिव्यानी खुर्चीतच बसून राहिली. मग ते अर्धं पान तिनं एका कागदावर उतरवून घेतलं.

रविवारी ती कुरखेड्याच्या बसमध्ये बसली. सरांचं गाव तिथून सहा किलोमीटर आत. कलाबाई अंगणात धान पाखडत होती. दिव्यानीनं तिला घरात बोलावलं, सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मग कागद वाचून दाखवला.

"उशी?" कलाबाईनं मध्येच थांबवलं.

"कला उशी, असं हाये."

"नवीन भरली होती मीनं. सावरीच्या कापसाची. उंच झाली असन." ती थोडा वेळ हाताकडं पाहत राहिली. "शेवटपावतो तेच होती डोक्याखाली. पुढं वाच."

दिव्यानीनं वाचलं. शेवटची ओळ होती, काढू न.

"न म्हंजे?"

"नका. काढू नका, लिहून राह्यले होते."

बाहेर कोंबड्या धानात शिरल्या, तरी कलाबाई उठली नाही.

"त्याईच्या समोरच तुले फोन केला होता मीनं," ती म्हणाली. "आयकत होते ते."

"हो."

"तू म्हनली, काढा."

"हो बाई."

"मंग अडीच-तीन महिने... डोळे मिटत होते वो ते. मी कायबी इचारलं का मिटत होते. मले वाटे, तसेच मिटते." तिनं पदर तोंडावर दाबला. रडली नाही. मग म्हणाली, "तुले शिव्या देऊन तरी काय करू मी? पन तू आता लवकर येऊ नको इथी. मी बोलवीन तवा ये."

दिव्यानीनं मान हलवली. कलाबाईनं कागद मागून घेतला, चार घड्या करून डब्यात ठेवला, आणि दारातून वाकून हळू आवाजात म्हणाली, "बुढीले काई सांगू नको. जित्ती हाये अजून."

पडवीत सरांची म्हातारी आई, मंगली, उन्हात पाय पसरून बसली होती. तिला फारसं दिसत नव्हतं, पण ऐकू चांगलं यायचं.

"काय वाचून राह्यली होती वो पोरी?" तिनं विचारलं. "इसरूचे कागद होते का?"

"हो आजी," दिव्यानी चपला शोधत म्हणाली. "जुने हायेत. क्लासातले."