वाफेतले दात

दाबाचा काटा पंधरावर टेकला तशी पौर्णिमाने घड्याळात पाहिलं. आता वीस मिनिटं. मागे नानाजी टेबलावरून हात फिरवत होते.

"पौर्णिमाबाई, माहे दात कुठी गेले?"

"दात?"

"इथंच ठेवलते. रुमालात."

पौर्णिमाने टेबलाकडे पाहिलं, मग औजारं वाफेवर निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हकडे. सकाळी तिने पांढऱ्या कापडात औजारांची सहा बोचकी बांधली होती. आत ठेवताना सात भरली. एक जास्त आहे म्हणजे बरंच, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

आष्टीच्या रस्त्यावरच्या ज्या जनावरांच्या दवाखान्यात पौर्णिमा परिचर होती, तिथे नानाजी बैल घेऊन आले होते. शिंगाच्या मुळाशी जखम होती. टाके पडेपर्यंत वेसण त्यांनीच धरली, आणि कवळी घालून बैलाला मनासारखी शिवी देता येत नाही म्हणून ती काढून ठेवली. शिव्या उत्तम झाल्या. टाकेही उत्तम पडले.

"काढा मंग," नानाजी म्हणाले.

"लगेच नाही निघणार. आत वाफ आहे," डॉक्टर रक्षा हात पुसत म्हणाल्या. "आता झाकण उघडलं तर आपण तिघंही निर्जंतुक होऊ."

पौर्णिमाने घाईघाईने बटण बंद केलं.

"बंद काऊन केलं?" नानाजींनी विचारलं.

"दात आहेत ना आत, नानाजी!"

"औजारंही आहेत. अर्धवट राह्यले तं? उद्या कोणाच्या गाईले लागतीन. लावा, लावा."

एवढं समाजहित नानाजींच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या तक्रारअर्जांमुळे आजवर दोन डॉक्टर आणि एक बसथांबा गावातून हलले होते. पौर्णिमाने बटण पुन्हा दाबलं.

तिच्या बदलीची फाइल वर्ध्याला होती. मुलगी दहावीला आहे, एक वर्ष थांबवा, असा विनंतीअर्ज तिने केला होता आणि साहेब बघतो म्हणाले होते. त्या फाइलवर नानाजींचा एक कागद पडला, की साहेबांना बघायला काहीच उरणार नव्हतं.

नानाजींनी स्टूल ओढलं आणि मशीनसमोर बसले.

"किती गरम होते हे?"

"एकशे एकवीस डिग्री," पौर्णिमा म्हणाली. मग जरा आशेने म्हणाली, "कवळी मजबूत असंन ना, नानाजी?"

"लय मजबूत," ते म्हणाले आणि काट्याकडे बघत राहिले.

वीस मिनिटं झाली. दाब उतरायला आणखी तेवढीच गेली. बाहेर बैलाने दोनदा हंबरून पाहिलं. त्याला कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी पौर्णिमाने झाकण उघडलं, चिमट्याने रुमाल काढला आणि टेबलावर सोडला.

वरची कवळी खालचीला चिकटली होती. दोन्ही मिळून एका बाजूला अशा कलल्या होत्या, की कुणीतरी हसता हसता खाली बसलं असावं.

"नानाजी, माही चूक झाली," पौर्णिमा म्हणाली.

नानाजींनी कवळीला बोट लावून पाहिलं.

"आता काही होत नाई ना याचं? सरळ वगैरे?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की."

नानाजींनी खिशातून पेन काढलं. पौर्णिमाने टेबलाची कड धरली.

"मले लिहून द्या," ते म्हणाले.

"कोणाच्या नावानं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या मंदाच्या. घरवालीच्या."

पौर्णिमाने टेबलाची कड सोडली.

"प्रफुलनं वर्ध्यावरून करून आणले. सात महिने झाले," नानाजी म्हणाले. "रोज जेवतानी मंदा समोर बसते. हसा म्हणते. फोटो काढते, पोराले धाडते. हिरड्यायले फोड आले माह्या. साऱ्या जगाची तक्रार लिहिली म्या, पण पोरानं हौसेनं आणलेल्या दातायची कशी लिहू? अन् नुसतं सांगतलं तं मंदा म्हणन, तुमीच फेकले. सरकारी कागद पाह्यजे. शिक्क्यासगट."

डॉक्टर रक्षांनी खण उघडला. "आमच्याकडे छापील दाखला एकच आहे. जनावर मेल्याचा."

"चालते."

पौर्णिमा लिहायला बसली. प्रकार: कवळी. वय: सात महिने. नर की मादी इथे तिने थोडा विचार केला आणि रेघ मारली. मृत्यूचे कारण या रकान्यात 'परिचराची चू' एवढं लिहून झालं होतं, तेव्हा नानाजींचं बोट कागदावर आलं.

"हे खोडा. वाफ लिहा."

"पण चूक..."

"वाफेनं मेले ना? मंग वाफ."

तिने खोडलं. वाफ लिहिलं. डॉक्टरांनी अतिशय गंभीरपणे सही केली. आता एकच रकाना राहिला होता: मालकाचे झालेले नुकसान. पौर्णिमाचं पेन तिथे थांबलं. तिने वर पाहिलं.

नानाजींनी हिरड्यांवरून जीभ फिरवली. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत.

"निरंक," ते म्हणाले.

पौर्णिमाने लिहिलं आणि शिक्का असा मारला, की ट्रेमधल्या कात्र्या वाजल्या.