अकरावी चाल

आमच्या ह्यांना राग आला की ते आधी चष्मा काढतात आणि मग शपथ घेतात. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढतो, शपथ मात्र मला निस्तरावी लागते. एकदा चहात दूध कमी पडलं म्हणून मी दोन शब्द बोलले, तर ह्यांनी बिनदुधाच्या चहाची शपथ घेतली. चार वर्षं झाली, अजून काळा चहा पितात आणि पिताना तोंड वाकडं करतात. म्हणून यंदा दसऱ्याला आमच्या रोहणा गावच्या अंगणात ह्यांनी चष्मा काढला, तेव्हाच मी ओळखलं, आणखी एक शपथ निस्तरायची आली.

निमित्त होतं माझ्या भावाच्या मुलाचं. पियुष वर्ध्याला कॉलेजात लोककला शिकवतो आणि सिंदी मेघेला राहतो. सोनं द्यायला आला आणि पाया पडता पडता बोलून गेला, "मामाजी, आता चॅटबॉटले सांगितलं न, का तो दंडारही बसवून देते. आमचे पोट्टे तेच तपासून राह्यले."

दंडार म्हणजे आमच्याकडचा दिवाळीचा नाच. समोरासमोर दोन रांगा, हातात टिपऱ्या, पायात चाळ आणि बाजूला ढोलकी. रोहण्याच्या दंडारीचे म्होरके म्हणजे आमचे हे, लक्ष्मणराव, एक ना दोन, बेचाळीस वर्षं. त्यांच्यासमोर हे बोलणं म्हणजे हलवायाच्या दुकानात साखरेला नावं ठेवण्यासारखं होतं.

"त्याले पाय हायेत का?" ह्यांनी विचारलं.

"पाय नाईत, पण डोकं हाये, मामाजी."

चष्मा निघाला. "मंग आयक. दोन दंडारी आन. एक खरी जुनी, मी कधी न पाह्यलेली. दुसरी तुह्या मशीनची. मी खरी ओळखली नाई, तर हे चाळ सोडून देतो. पुन्हा पायात बांधत नाई."

उचलली जीभ लावली टाळ्याला! ते चाळ सासऱ्यांचे. चामड्याच्या दोन पट्ट्या, एकेकीवर पन्नास पितळी घुंगरं. ह्यांचा गुडघा धरल्यापासून खाली वाकता येत नाही, तेव्हा दर दिवाळीला मीच ते बांधते. सत्तरी ओलांडलेला माणूस. शेती मुलाकडे गेली, दात डॉक्टरकडे गेले, उरले होते ते चाळ. दिवाळीचे ते चार दिवस हा माणूस पंचविशीचा होतो, आणि खरं सांगते, मला त्याच चार दिवसांसाठी तो उरलेलं वर्षभर सहन होतो. चाळ सुटले तर घरात काय उरणार होतं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

दिवाळी झाली आणि माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन वर्ध्याला झालं. तपासणीला परत परत जावं लागतं म्हणून आठ दिवस पियुषकडेच राहिले. काळा चष्मा लावून मी त्याच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसायची आणि समोर त्याच्या आठ विद्यार्थ्यांची तालीम चालायची. मला कोणी हाकललं नाही. त्यांना वाटलं असेल, आत्याला काय दिसतंय.

जुनी दंडार गिरडकडच्या एका गावातली होती. ऐंशीच्या घरातल्या चिंधूबुवांनी ती महिनाभर स्वतः उभं राहून मुलांना शिकवली होती. तीत खोट काढायला जागा नव्हती. टिपरीवर टिपरी अशी पडायची की आठांची मिळून एकच वाजायची.

मशीनची दंडार माझ्यासमोर जन्मली. पियुषनं मोबाइलवर चार ओळी लिहिल्या आणि माझा चहा निवायच्या आत चौदा चालींचा अख्खा नाच आला. त्यात पेरणी होती, तण काढायची डवरणी होती, कापूस वेचणी होती. वेचणीत तर कमरेला ओटी बांधून दोन्ही हातांनी बोंडं काढण्याची चाल, तीही तालात. मी आ वासून ऐकत राहिले. ज्यानं उभ्या जन्मात कपाशीचं रान पाहिलं नाही, त्याला हे सुचावं! मी मनातल्या मनात हात जोडले आणि मग ह्यांची आठवण होऊन पटकन सोडले.

नियम एकच होता. मशीननं लिहिलंय तसंच नाचायचं, आपल्या अकलेनं काही बदलायचं नाही. नाहीतर तपासायचं काय?

दहा चाली सुरळीत बसल्या. अकरावीला गाडी अडली. पियुषनं मोठ्यानं वाचून दाखवलं, "डावा पाय वर उचलून धरा. सगळा भार उजव्या पायावर घ्या. आता उजवा पायही उचला आणि याच स्थितीत चार मात्रा डोला."

म्हणजे दोन्ही पाय वर आणि माणूस मधल्या मधे! ऋतिक नावाचा एक उंच मुलगा आहे, त्यानं करून पाहिलं आणि तो पियुषच्या बायकोच्या धुण्याच्या दोरीत जाऊन अडकला. सगळे खो खो हसले. मीही हसले. नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं, इथे तर अंगणच नव्हतं.

पियुषनं मशीनला चूक कळवली. त्यानं लगेच गोड शब्दांत माफी मागितली आणि नवी चाल दिली: दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे.

"सर, हे नको," मयुरी म्हणाली. ही रोहण्याजवळच्याच खेड्यातली, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. सात वर्षांची होती तेव्हापासून चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लेझीम खेळते. "पयल्यांदा जे लिहिलं तेच त्याचं. आपून तेच करू."

"अवं, पण कसं करशीन? उडशीन का?" पियुषनं विचारलं.

शेजारच्या मुलाच्या खांद्यावर तिनं हात ठेवला, डावा पाय उचलला, खांद्यावर सगळा जीव टाकला आणि उजवा पाय उचलला. तो मुलगा डगमगला, पण उभा राहिला. ती लोंबकळत चार मात्रा डोलली आणि खाली आली. ती उतरते न उतरते तोच तिच्या पलीकडच्या रीता नावाच्या मुलीनं तिचा खांदा धरला. असं करत करत तो झोका रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. पडले, हसले, पुन्हा उभे राहिले. तीन दिवस तेवढं एकच करत होते. ज्याच्या खांद्यावर भार यायचा, त्यानं आधीच पाय रोवून तयार राहायला हवं, एवढं त्यांना तिसऱ्या दिवशी उमगलं. त्या दिवशी माझ्या एका डोळ्याला जे दिसलं, ते फार सुंदर होतं. आणि मला ह्यांच्या शपथेची भीती वाटली.

पुढच्या रविवारी दुपारी रोहण्याच्या शाळेच्या पटांगणात गाव जमलं. कापूस वेचणीचे दिवस, तरी बायका अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून आल्या होत्या. ह्यांनी सकाळीच माझ्याकडून चाळ बांधून घेतले होते. जिंकल्यावर नाचायचं ठरलेलं होतं ना!

पहिली नाचली ती गिरडकडची. ह्यांनी मान डोलावली, टाळ्याही वाजवल्या. मग दुसरी सुरू झाली. पेरणी, डवरणी, वेचणी. पोरं कुठे कुठे चुकत होती, एकमेकांच्या पायांकडे बघत होती. अकरावी चाल आली. मयुरीनं खांदा धरला, झोका निघाला आणि आमचे हे खुर्चीवरून उठून उभे राहिले.

आमची एक खूण आहे. नाचात ह्यांची मात्रा चुकली की मी खोकते, मग ते सावरतात. बेचाळीस वर्षांत गावाला पत्ता नाही. त्या दिवशी मी एकदा खोकले असते तरी पुरलं असतं. घसा तर केव्हापासून खवखवत होता. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि खोकला आलाच नाही. मला स्वतःचा राग आला, तरी नाही आला.

"हे खरी," ते म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "पयली चांगली हाये, घोटून घोटून गुळगुळीत केलेली. पण हे खरी. अठी कधीतरी कोणीतरी पडून राह्यलं होतं, आन बाजूच्यानं त्याले धरलं. मंग ते सगळ्याइनं धरलं. हे माणसाबिगर होत नाई, बाप्पा."

पियुषनं खिशातून चालींचा कागद काढला, पण त्याच्यानं उघडवेना. "मामाजी," तो एवढंच म्हणाला, "ते मशीनची होती."

ह्यांनी चष्मा काढला. माझ्या मनात आलं, झालं, आता आणखी एक शपथ. पण ते म्हणाले, "अकरावी चाल वाचून दाखव."

पियुषनं वाचली. डावा पाय उचला, भार उजव्यावर घ्या, उजवाही उचला. क्षणभर कोणाला कळेना आणि मग आमचे हे असे हसू लागले, असे हसू लागले, की पोट धरून खाली बसायची वेळ आली. "अरे, त्याले पायच माहीत नाईत! आन हे खांदा धरायचं? हेही लिहिलं हाये का त्यात?"

"नाई, बाबाजी," मयुरी म्हणाली. "पडून राह्यलो होतो, म्हणून धरला."

ह्यांनी डोळे पुसले. मग सगळ्या गावासमोर सांगितलं, जे मलाही आजवर सांगितलं नव्हतं. रोहण्याच्या दंडारीत एक चाल आहे, तिला 'काटा' म्हणतात. शेजाऱ्याचा खांदा धरून एक पाय वर घ्यायचा. पियुष ती चाल वर्गात तीनशे वर्षांपूर्वीची म्हणून शिकवतो. "ते माही हाये," हे म्हणाले. "दिवाळीच्या आदल्या रोजी पायात बाभळीचा काटा रुतलता. पाय टेकत नव्हता, म्हणून शेजारच्याचा खांदा धरला. लोकाइले वाटलं नवी चाल हाये. मंग मी बी तसंच राहू देलं."

"कुठी गेलते काटे तुडवत?" मी विचारलं. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

"तुह्याच गावाले. तुले चोरून पाह्यले."

सगळं पटांगण हसलं. आत्ता या वयात मला लाजावं लागलं, तेही काळ्या चष्म्याआडून.

"त्या मशीननं चूक लय चांगली केली," हे पियुषला म्हणाले. "त्याले माह्याकडून शाबासकी देजो. आन या पोट्ट्याइनं ते सांभाळली त्याहून चांगली. दंडार अशीच होते. पण मी म्हटलं होतं ओळखीन, आन ओळखली नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सोड."

आमची शेजारीण तानाबाई मधे पडली, "अहो, तुमचं तसं बरोबरच झालं की." पण ह्यांनी पाय पुढे केला. मी वाकले. सकाळी मीच मारलेल्या गाठी, पण सुटता सुटेनात. एक सुटली, दुसरी सुटली. मला डोळ्यात पाणी आणायची डॉक्टरांनी मनाई केली होती, ती मी पाळली नाही.

"आता तिच्या पायात बांध," मयुरीकडे बोट दाखवून ते म्हणाले.

आमच्या दंडारीत बाई कधी नाचली नाही. बाईचं सोंग पुरुषानंच लुगडं नेसून घ्यायचं. बेचाळीस वर्षं मी ते चाळ पुसले, तेल लावून ठेवले, पुढे ह्यांच्या पायात बांधलेही, स्वतःच्या पायात एकदाही घातले नाहीत. मयुरीचा घोटा माझ्या हातात आला तेव्हा मला त्या मुलीचा हेवा वाटला आणि अभिमानही वाटला. बारीक पाय. पट्टीला एक वेढा जास्त द्यावा लागला.

ढोलकी सुरू झाली. मयुरीनं पाय आपटला आणि शंभर घुंगरं बोलली. हे तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, मोकळ्या पायांनी. तिच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी डावा पाय उचलला. मी ओरडणार होते, अहो, गुडघा! पण तिनं आधीच पाय रोवले होते. ह्यांनी सगळा जीव तिच्यावर टाकला आणि उजवी टाच जमिनीवरून बोटभर सुटली.

चौथ्या मात्रेला ते चुकले. मी खोकले.