उन्हाळ्यात पाहिलेली जागा

माझा धाकटा भाऊ शेषराव चरोद्याच्या रेल्वे यार्डात नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या अंगात गुंतवणूकदार शिरला. सिविक सेंटरच्या एका हॉलमध्ये दर रविवारी जमिनीच्या धंद्याचा क्लास असायचा. तिथून तो थेट आमच्या क्वार्टरवर यायचा आणि चहा पीत आम्हाला शिकवायचा.

"ताई, पैसा कोनीबी लावते. रिस्क सांभाळता आली पाहिजे."

"आधी फटफटी सांभाळ. तिसऱ्यांदा पडला तू," मी म्हणायचे.

पण मनातून मला त्याचं फार कौतुक. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, मीच त्याला वाढवलं. त्याचं कौतुक मी नाही करणार तर कोण करणार?

आम्हाला जागा हवीच होती. माझे यजमान देवराव नोव्हेंबरात इथल्या पोलादाच्या प्लांटमधून रिटायर होणार होते, आणि रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं. तीस वर्षं राहिलेलं घर कंपनीचं आहे, हे माणसाला तेव्हाच आठवतं.

एप्रिलमध्ये शेषूने रसमड्याकडे एक प्लॉट दाखवला. धान कधीच निघून गेलं होतं. मोकळ्या शेतांमधून, बांध तेवढे सांभाळत, दोन फटफट्यांवर आम्ही थेट जागेवर पोचलो. विकणारा हिरालाल नावाचा म्हातारा शेतकरी होता. देवराव प्लांटमधला माणूस, तपासल्याशिवाय नटसुद्धा फिरवणार नाही. त्यांनी कागद दोनदा वाचले, वकिलाला दाखवले. सगळे खरे निघाले. वकील म्हणाला, पटवाऱ्याकडचा नकाशाही बघून घ्या. शेषू म्हणाला, "तेवढं मी पाहतो."

मी त्याला विचारलं होतं, "रस्ता कोठून हाये?"

"आता आलो ना आपन? तेथूनच."

आणि मी मान डोलावली! भंडाऱ्याकडच्या धानाच्या गावात जन्मलेली बाई मी. उन्हाळ्यात सगळं गाव कोणाच्याही शेतातून आडवंतिडवं फिरतं, आणि रोवणी झाली की तिथेच पाय ठेवला तर शिव्या बसतात. हे मला कोणी सांगायला हवं होतं का? पण भाऊ दाखवत होता. भावाने दाखवलेल्या जागेला कोण चारी बाजूंनी फिरून बघतं? देवरावांच्या फंडातून उचल काढली आणि रजिस्ट्री माझ्या नावावर झाली.

जुलैत विटांचा ट्रॅक्टर घेऊन गेलो, तर समोर पाण्याने भरलेलं शेत आणि त्यात नुकतीच लावलेली रोपं. उजवीकडे तसंच, डावीकडे तसंच. आमचा प्लॉट मध्ये, आणि तिथवर जायला बांधाशिवाय वाट नाही. शेजारचा शेतकरी हात जोडून म्हणाला, माझ्या शेतातून गाडी जाणार नाही. त्याचंही काय चुकलं? मी तणतणत हिरालालला गाठलं.

तो गोंधळून म्हणाला, "इहां रस्ता कभू नई रिहिस, दीदी. तोर भाई ला सब पता हे. दू बछर पहिली ओही तो सौदा करे रिहिस."

मग सगळं उलगडलं. दोन वर्षांपूर्वी शेषूनेच ही जागा नुसत्या करारावर घेतली होती. या धंद्यात तशीच रीत आहे. स्वतःच्या नावावर करायची नाही, पुढचं गिऱ्हाईक मिळालं की शेतकऱ्याकडून थेट त्याला रजिस्ट्री करून द्यायची. मधल्या माणसाचं नाव कुठे येतच नाही. पण जो येई तो नकाशात रस्ता नाही हे बघून परत जाई. शेवटी त्याला बहीण आठवली.

मी आणि देवराव तडक चरोद्याला त्याच्या घरी गेलो.

"शेषू, त्या जागेले रस्ता नाही हे तुले मालूम होतं?"

तो बायकोकडे बघायला लागला.

"माह्याकडं पाह्य! मालूम होतं का नाही?"

"होतं," तो म्हणाला. "माहा पैसा अडकून राहिला होता, ताई."

"मंग मलेच कावून? जगात दुसरं कोनी नव्हतं?"

तो रडेल असं मला वाटलं होतं. पण तो समजावायच्या सुरात बोलला, रविवारी बोलायचा तसाच. "दुसऱ्या कोनाले देली असती, त त्यानं केस टाकली असती. नोकरी गेली असती माही. तू केस टाकनार नाही, हे मले पक्कं मालूम होतं."

मला त्याच्या थोबाडीत मारायची होती. लहानपणी एकदाही मारलं नव्हतं. हात उचललासुद्धा नाही, तशीच बाहेर आले.

घरी पोचल्यावर फटफटी लावून देवराव म्हणाले, "उद्या दुर्गले जाऊ वकिलाकडं. तुह्या नावावर हाये, सही तुलेच करा लागन."

"थांबा ना थोडं," मी म्हणाले. "त्याची पोरगी लहान हाये."

शेषूने जागा विकताना माझ्याबद्दल हेच धरलं होतं, आणि मी ते खरं करून दाखवत होते.