कंसातला आकडा

ग्राहकाने काम पसंत केल्याची खूण संकेतस्थळावर उमटली, तशी वहिनींनी चष्मा पुसून जमा रकमेचे पान उघडले. पाहतात तो काय, रक्कम ठरल्यापेक्षा कमी. चांगलीच कमी. त्यांनी पान बंद करून पुन्हा उघडले. आकडा जागचा हलला नाही.

इमारतींचे नकाशे काढण्यात वहिनींची हयात गेली होती. निवृत्तीनंतर या संकेतस्थळावरून मिळतील ती कामे त्या घरबसल्या करत. आजवरची सारी किरकोळ, थोडे कमी आले तरी जाणवू नये इतकी. हे पहिलेच मोठे. परमुलखातल्या एका वास्तुरचनाकाराला वळणाच्या जिन्याची लाकडी प्रतिकृती हवी होती. आराखडे वहिनींचे, लाकूडकाम त्यांच्या धाकट्या दिराचे. दीर सुतार, त्याच्या सांध्यात केससुद्धा शिरायचा नाही. या कामापायी त्याने दुसरे गिऱ्हाईक सोडले होते, लाकूड पदरचे आणले होते आणि त्याच्या कारखान्याचे भाडे थकले होते. पैसे येतील त्याच दिवशी तुमचे चुकते करीन, असा वहिनींनी शब्द दिला होता. म्हणूनच तो या क्षणी शेजारच्या खुर्चीवर बसला होता.

वहिनींचा पारा चढला. ग्राहकानेच हात आखडता घेतला, असे त्यांच्या मनाने घेतले आणि एक सभ्य पण झोंबरे पत्र त्यांनी तिथल्या तिथे धाडले. उत्तर लगेच आले. तो बिचारा गोंधळून गेला होता. ठरलेली रक्कम त्याने पूर्ण भरली होती. वर स्वतःच्या वाट्याचे निराळे शुल्कही भरले होते. सोबत पावती होती.

म्हणजे कात्री दोन्हीकडून. वहिनींनी सेवाशुल्काचे पान काढले आणि ओळीखाली बोट धरावे तसे सावकाश वाचले. काम देणाऱ्याकडून थोडे, करणाऱ्याकडून दहावा हिस्सा. तोही नुसत्या मजुरीवर नव्हे, त्या कामापोटी येणाऱ्या सगळ्या रकमेवर. वहिनींनी भाव एकरकमी लावला होता: आराखडे, लाकूड, सुतारकाम, पाठवणीचा खर्च. त्यांची स्वतःची मजुरी मुळात त्या रकमेच्या दहाव्या हिश्श्याहून जेमतेम जास्त. ती जवळजवळ सगळीच गेली होती.

“लाकडावरसुद्धा?” दिराने विचारले. “लाकूड मी आणलं. वखारीत त्यांच्यातलं कोणी दिसलं नाही मला.”

“कुरिअरवरसुद्धा, भाऊजी.”

“मग माझ्या पाठदुखीवर किती लावलंय, तेही बघा.”

वहिनींना हसू आले नाही. ग्राहकाला भाव कळवतानाचे पान त्यांनी आता उघडले होते. वर त्यांनी भरलेली ठळक रक्कम. तिच्याखाली कंसात, फिक्या राखाडी अक्षरांत, ‘तुम्हाला मिळतील’ आणि आज जमा झालेला नेमका आकडा. तो त्यांनी त्या दिवशी पाहिला होता. पाहून सोडून दिला होता. नकाशात कंसातले माप केवळ संदर्भापुरते असते. त्यावर कोणी करवत चालवत नाही. कंस दिसला की नजर पुढे सरकायची, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. कोणी फसवले नव्हते, लपवले नव्हते. दोष द्यायला दुसरे कोणी उरलेच नव्हते.

त्यांनी ग्राहकाची माफी मागितली. त्याने मोठ्या मनाने ती दिली आणि तशाच दुसऱ्या जिन्याचा भाव विचारला. मग फोन घेऊन वहिनींनी दिराचे पैसे, लाकडासकट, पुरते पाठवून दिले. मनातून वाटत होते, तो म्हणेल, राहू द्या वहिनी, तोटा निम्मा निम्मा. घरचा माणूस, म्हणण्यापुरते तरी म्हणेलच. आपण नको म्हणू आणि विषय मिटेल.

दिराचा फोन वाजला. त्याने रक्कम नीट वाचली आणि फोन खिशात ठेवला.

वहिनींनी पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

“वाईट वाटलं?” त्याने विचारले.

“नाही कसं म्हणू?”

“मी निम्मा तोटा उचलला असता, तर पुढच्या जिन्याला तुम्ही हाच भाव लावला असता. भाऊजी घेतील सांभाळून म्हणून.”

दुसऱ्या जिन्यासाठी वहिनींनी मनाशी धरलेला आकडा तोच होता.